धूर थांबवायला पैसे कुणाकडे मागायचे?



पुण्याहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘आमच्या शाळेमागे रोज सकाळी वाळलेला पाला जाळतात. धूर सरळ वर्गात येतो. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला दमा आहे. थंडीत तो आठवड्यातून दोन-दोन दिवस येतच नाही. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, दुसरी सोय करायला पैसे कुठून आणू?’

बाईंचं काही चुकलं नाही. पण पैसे असतात बरं का! फक्त ते कुठे असतात आणि कसे मागायचे, हे ठाऊक हवं.

पहिली थैली सरकारची. केंद्र सरकारनं २०१९ साली ‘राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम’ सुरू केला. त्यात देशातली १३१ शहरं घेतली. मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर अशी महाराष्ट्रातली १९ शहरं त्यात आहेत. हा पैसा शाळांना नाही, शहरांना मिळतो. आणि त्यातला निम्म्याहून जास्त रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झाला, असं दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेनं २०२४ मध्ये दाखवून दिलं. धूळ डोळ्यांना दिसते ना! धुरातले बारीक कण मात्र केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. म्हणून तुमच्या शाळेमागचा धूर कुणीतरी दाखवून द्यायला हवा.

दुसरी थैली कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्यातले निदान दोन टक्के समाजाच्या कामांसाठी खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत माती, पाणी आणि हवा चांगली राखणं हेही आहे. कंपन्या हे काम स्वतः करतात, नाहीतर नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करवून घेतात.

तिसरी वाट अगदी घराजवळची. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवायची सोय नागरिकांना २००६ सालापासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा. मुदत मात्र चुकवू नका!

आता अर्ज. ‘फार धूर होतो, मदत करा’ एवढ्यानं भागत नाही. पैसे देणारा पाच गोष्टी विचारतो.

१. त्रास किती? एक वही घाला. तीन आठवडे रोज लिहा : पाला कधी जाळला, वर्गात धूर किती वेळ होता, किती जणांना खोकला आला. नोंद लांबूनच करा, धुराजवळ जायचं नाही.

२. उपाय काय? मैदानाच्या कडेला तारेच्या जाळीचे पिंजरे. त्यात पाला थराथरानं भरायचा, शेणकाला शिंपडायचा, ओलावा ठेवायचा, अधूनमधून खालीवर करायचा. काही महिन्यांत खत तयार!

३. खर्च किती? अंदाजपंचे नको. दुकानदाराकडून जाळीचं दरपत्रक लिहून आणा.

४. नंतर सांभाळणार कोण?

५. फरक पडला हे कशावरून? वही पुढेही चालू ठेवायची, म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात.

मला विचाराल, तर चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड. पिंजऱ्यासोबत फोटो काढायला सगळे येतात, पण मे महिन्याच्या सुटीत पाणी कोण मारणार? शिपाईमामांना विचारलंत का? झाडणाऱ्या मावशींना? त्या पाला जाळतात, कारण तो टाकायला त्यांना दुसरी जागाच नाही. त्यांना आधी सामील करून घ्या.

आईबाबांनो, अर्ज मुलांच्या नावानं जाणार नाही. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागेल. पालकसभेत हा विषय तुम्हीच काढा. उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानं बंदी आहे, हेही तिथं सांगा. आणि हिशेब मांडल्यावर कदाचित असंही दिसेल, की दोन-चार पिंजऱ्यांसाठी कुणाच्या दारात जायलाच नको, पालकसभेतच वर्गणी निघेल. तसं झालं तर उत्तमच! पण वही हवीच, कारण वर्गणी देणाराही विचारणारच, ‘कशासाठी?’

तर पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, उद्याच वही घे. पहिल्या पानावर तारीख टाक आणि शेजारचं बाक त्या दिवशी रिकामं होतं का, तेही लिही. तो आकडा कुठल्याही यंत्रावर उमटत नाही, तो फक्त तुलाच ठाऊक आहे.

काय झालं ते कळव हं! मी वाट बघतोय.