कात्री कुपनाला की खिशाला?

(बी. कॉम., चौथे सत्र)

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे मी कधीच पाहिली नाहीत. त्यात असतात कुपने. चहाच्या पाकिटात निघालेली, साबणाच्या वेष्टनावरून कापलेली, वर्तमानपत्राबरोबर आलेल्या पत्रकातून कातरलेली. आईने ती लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांत महिन्यावारी लावून ठेवली आहेत. ज्या महिन्यात कुपनाची मुदत संपते, त्या महिन्याच्या पाकिटात ते कुपन. महिना उजाडला की पाकीट बाहेर येते आणि महिना संपला की उरलेली कुपने चुलीत जातात. बँकेत हुंड्यांची मुदत सांभाळणारा कारकूनही याहून निराळे काय करीत असेल?

या डब्याची थट्टा मी पुष्कळ केली आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि आई सातवी पास! पण गेल्या दिवाळीत असा एक प्रसंग घडला, की थट्टा माझ्याच अंगावर आली. तो प्रसंग सांगितल्याशिवाय माझे मत वाचकांना पटायचे नाही, म्हणून आधी तो सांगतो.

शहरातल्या एका मोठ्या दुकानाचे रंगीत पत्रक वर्तमानपत्रातून घरी आले. ‘१,५०० रुपयांच्या खरेदीवर २०० रुपये सूट’ हा मथळा कानडीत, मराठीत आणि इंग्रजीत ठळक छापलेला. खाली ठिपक्यांची रेघ आणि रेघेवर कात्रीचे चित्र. आई म्हणाली, “आपला सगळा किराणा तेराशेच्या आतच बसतो की. पंधराशे कुठनं आणायचे?” मी म्हणालो, “थोडं जास्त घेऊ. दोनशे सुटतात ना!” घरात शिकलेला मी, त्यामुळे माझा शब्द चालला.

यादीप्रमाणे सामान झाले १,२८० रुपयांचे. पंधराशेचा आकडा गाठण्यासाठी शेवया, बिस्किटांचा मोठा पुडा आणि फरशी पुसायच्या औषधाची बाटली असे २६० रुपयांचे आणखी घेतले. बेरीज १,५४०. पैसे द्यायच्या ठिकाणी आईने कुपन पुढे केले. तिथल्या मुलीने ते उलटून पाहिले आणि सांगितले, की तेल, साखर, तांदूळ आणि डाळी या सवलतीत धरत नाहीत. आमच्या सामानात तेच ८३० रुपयांचे होते. उरले ७१०. म्हणजे सूट हवी असेल तर आणखी ७९० रुपयांचे काही तरी घ्या!

आईने पत्रक माझ्या हातात दिले. “एवढं बारीक काय लिवलंय बघ की रे.” मागच्या बाजूला अटी होत्या, मुंगीएवढ्या अक्षरात आणि फक्त इंग्रजीत. मी मराठी माध्यमातून शिकलेला. बारीक इंग्रजी दिसले, की डोळे आपोआप पुढे सरकतात. घरी मी तेच केले होते. मागे रांग वाढत होती. कोणी तरी जीभ चुटकन वाजवली. आईने शेवया, पुडा, बाटली एकेक करून बाजूला काढून ठेवली आणि १,२८० रुपये मोजून दिले. ती काहीच बोलली नाही. परत येताना पिशव्या जड म्हणून रिक्षा केली, तिचे ८० रुपये झाले.

रात्री मी हळहळत होतो, की अट नसती तर दोनशे वाचले असते. तेव्हा आईने आपली वही उघडली आणि पेन्सिलीने मांडून दाखवले. कुपन चालले असते तर १,५४० मधून २०० वजा जाऊन १,३४० द्यावे लागले असते. यादीचे सामान होते १,२८० चे. म्हणजे ६० रुपये जास्तच गेले असते! त्यात रिक्षाचे ८०. “दोनशे वाचवायला एकशेचाळीस घालवायचे, हे तुमच्या कालेजात शिकवतात काय रे?” या प्रश्नाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

त्या दिवसापासून मी कुपनाकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू लागलो. ही कला मूळची अमेरिकेची. १८८० च्या दशकात कोकाकोलाचा एक पेला फुकट देणारी चिठ्ठी निघाली. ते पहिले कुपन मानले जाते. त्यानंतर पोस्ट नावाच्या, न्याहारीचे धान्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीने एक सेंट सवलतीचे कुपन काढले. १९२९ नंतरच्या महामंदीत तिथल्या गृहिणींना याच कात्रणांनी हात दिला. पुढे रविवारच्या वर्तमानपत्रासोबत कुपनांची पुरवणीच घरी येऊ लागली आणि ती कापून, वर्गवारी करून, फायलीत लावून दुकानात जाणे हा घरकामाचाच एक भाग बनला. तिथे दुकानदाराचे नुकसान होत नाही. गोळा झालेली कुपने तो पाठवून देतो आणि कंपनी त्याला सवलतीची रक्कम व हाताळणीचा मोबदला देते.

मग कंपनी हे का करते? सरळ किंमतच का उतरवीत नाही? अर्थशास्त्राच्या तासाला आपण मूल्यभेद शिकतो. ए. सी. पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात त्याचे तीन प्रकार सांगितले. एकच वस्तू वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या किमतीला विकणे हा त्यांतला तिसरा. पण गिऱ्हाइकाच्या कपाळावर त्याची ऐपत लिहिलेली नसते. ती ओळखायची कशी? त्यासाठी कात्री! ज्याला दहा रुपयांची पर्वा नाही तो कुपन फेकून देतो आणि पुरती किंमत मोजतो. ज्याला पर्वा आहे तो बसून कापतो, लावतो, मुदत लक्षात ठेवतो आणि कमी किमतीत नेतो. म्हणजे कुपनातली सूट ही फुकटची मिळकत नव्हे. ती कापणाऱ्याच्या, आणि आपल्या घरांतून बहुधा कापणारीच्या, वेळेची मजुरी आहे. आईच्या वहीप्रमाणे गेल्या वर्षी डब्याने ६४० रुपये वाचवले. माझ्या परीक्षेच्या फीला त्यांतलेच पैसे लागले. ती फी भरताना मला वाटले नव्हते, की मी कोणाची तरी मजुरी खर्च करतो आहे.

कार्ड आणि कुपन या दोन कागदांत एक मोठा फरक आहे, तो मला आज्जीच्या बोलण्यातून उमगला. तिचे माहेर मिरजेकडचे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलोच्या भाकरीची चव ती अजून सांगते. रेशनचे कार्ड म्हणे, ‘याहून जास्त मिळणार नाही.’ आजचे कुपन म्हणते, ‘याहून कमी घेऊ नका.’ पहिला कागद टंचाईचा होता आणि दुसरा मुबलकतेचा आहे. पण गरीब माणसाला दोन्ही कागदांपुढे हिशेबच करावा लागतो. फरक एवढाच, की टंचाईत फसलो तर पोट रिकामे राहते आणि मुबलकतेत फसलो तर फळी भरते व खिसा रिकामा होतो. ‘खिशाला कात्री’ हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याने हे पत्रक पाहिले नसले तरी त्याचा अर्थ त्याला पुरता ठाऊक असावा.

यावर कोणी म्हणेल, मग मोठ्या दुकानात जाऊच नये, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातूनच घ्यावे. मी तेही सरसकट म्हणणार नाही. आम्ही राहतो वडगावात आणि बाबा मागावर काम करतात. आमच्या कोपऱ्यावरचे दुकानदार अण्णा कानडी बोलणारे. आई त्यांना अर्ध्या कानडीत “स्वल्प कम्मी माड्री” म्हणते आणि ते अर्ध्या मराठीत “परवडत नाही, अक्का” म्हणतात. आपली उधारी ती त्यांची उद्री, आपली तागडी ती त्यांची तक्कडी. भाषेवरून इथे काय काय झाले ते थोरांना ठाऊक. त्या अंगडीत मात्र भांडण झाले ते फक्त डाळीच्या भावावरून.

अण्णांकडे तूरडाळ मोठ्या दुकानापेक्षा किलोमागे चार रुपये महाग पडते. आईने ते वहीत टिपले आहे. पाकिटातले कुपन नेले तर पुष्कळदा ते म्हणतात, “कंपनीचा माणूस आला नाही, पुढच्या महिन्यात बघू.” छोट्या दुकानदाराला कुपनाचे पैसे कधी परत मिळतील याचा भरवसा नसतो, म्हणून तो ते घ्यायला कचरतो. हे सारे खरे. पण २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, आठवड्याची मजुरी थांबली, तेव्हा जवळजवळ तीन महिने याच अण्णांनी वहीवर लिहून सामान दिले. व्याज नाही, तारण नाही. दिवाळीपर्यंत आम्ही ते फेडले. त्या तीन महिन्यांत एकाही कुपनावर ‘पैसे नंतर द्या’ असे छापलेले नव्हते.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर किलोमागच्या त्या चार रुपयांत विम्याचा हप्ता आहे. हप्ता जास्त वाटला तर जरूर घासाघीस करावी. आई करते. पण विमा काढलेला आहे हे विसरून नुसती पावत्यांची तुलना करणे हा अर्धवट हिशेब झाला. आम्ही आता चहा, साबण, दंतमंजन अशा वस्तू कुपन असेल तर मोठ्या दुकानातून आणतो आणि डाळ-तांदूळ-तेल अण्णांकडून घेतो. यात कृतज्ञता आहे आणि स्वार्थही आहे.

हल्ली कागदी कुपनाची जागा फोन घेत आहे. फोन नंबर सांगा, सवलत मिळवा! इथे कात्री लागत नाही, पण तिच्या बदली आपण काय घेतो, कधी घेतो, किती घेतो याची नोंद द्यावी लागते. आईकडे साधा फोन आहे. तिच्या कात्रीला जी सूट मिळत होती ती आता माझ्या फोनला मिळते. ज्या घरी असा फोनच नाही, त्या घराला पुरती किंमत पडते. गरजू गिऱ्हाइकाला स्वस्त द्यावे हा जो काही चांगला भाग या पद्धतीत होता, तोही यात उलटा होतो.

तेव्हा करावे काय? उपदेश करण्याचे माझे वय नाही. पण खोलीवर स्वतः रांधून खाणारे कितीतरी मित्र खेड्यांतून येऊन आपल्या महाविद्यालयात शिकतात. त्यांच्यासाठी आईच्या वहीतले नियम इथे उतरवतो. पहिला, यादी आधी आणि कुपन नंतर. यादीत नसलेल्या वस्तूचे कुपन सरळ फाडावे. दुसरा, पाकिटाची किंमत पाहू नये, किलोचा भाव पाहावा. समजा, ४०० ग्रॅमचे पाकीट ६० रुपयांना आहे आणि दहा रुपयांच्या कुपनावर ५० ला मिळते, तर किलोला १२५ पडले. तीच वस्तू सुटी ११० रुपये किलोने मिळत असेल, तर कुपन लावूनही आपण हरलो. आता बहुतेक पाकिटांवर ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो, तो शोधावा. तिसरा, जाण्यायेण्याचे भाडे बेरजेत धरावे. चौथा, कागद उलटून पाहावा. हा चौथा नियम आईच्या वहीत नव्हता, तो दिवाळीनंतर मी माझ्या हाताने लिहिला.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सवलत तीन भाषांत आणि अट एकाच भाषेत, हा कोणता न्याय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. मुंगीएवढ्या अक्षरातली अट लपवलेली की छापलेली, हे वकिलांनी ठरवावे. पण ज्या भाषेत गिऱ्हाइकाला बोलावले, त्याच भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरात अट सांगावी, एवढे मागायला वकील लागत नाही.

आपल्या नियतकालिकात मराठी विभाग आहे, कानडी विभाग आहे. आपल्या वाणिज्य मंडळाने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फलक लावावा. त्यावर दहा नेहमीच्या वस्तूंचे रविवार पेठेतले, कोपऱ्यावरच्या दुकानातले आणि मोठ्या दुकानातले किलोचे भाव दोन्ही भाषांत लिहावेत आणि शेजारी त्या महिन्यातल्या कुपनांच्या अटी भाषांतर करून लावाव्यात. भाव आणायला मी जाईन. कानडी विभागातल्या एखाद्या मित्राने बरोबर यावे. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी भाषणे होतात, हार घातले जातात. यंदा त्या दिवशी हा पहिला फलक लागला, तर मी आईला तो पाहायला घेऊन येईन. ती बेरीज तपासूनच घरी जाईल, हे मात्र मंडळाने ध्यानात ठेवावे.