चाचांची सीडी आणि उर्दूचा कायदा

माझ्या मरहूम चाचांनी मोहल्ल्यातल्या बुजुर्गांवर उर्दूत लेख लिहिले होते. त्यांचं पुस्तक निघालंच नाही, उरली ती एक सीडी. गेल्या रमजानमध्ये ती लावली, तर सगळ्या फाइली इनपेजच्या. नोटपॅडमध्ये उघडल्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसली. घरचे म्हणाले, 'गेलं समज.' मला ते पटलं नाही.

इनपेज १९९४ च्या सुमारास आलं आणि उर्दूची छपाई कातिबांच्या कलमातून त्यात गेली. मुंबई, मालेगाव, भिवंडी. कुठलीही जुनी उर्दू डीटीपीची जागा बघा, कपाटात अशा सीड्या पडलेल्या असतील. या फाइलीची आतली रचना सांगणारं पुस्तक बाजारात मिळत नाही. उर्दूप्रेमींनी खटपट करून कन्व्हर्टर बनवलेत, पण आमची सीडी चरे पडलेली. काही फाइली अर्ध्याच वाचल्या गेल्या आणि कन्व्हर्टरने त्या नाकारल्या.

म्हणून हेक्स एडिटर उघडला. तो फाइलीतला एकेक बाइट आकड्यात दाखवतो. सुरुवातीलाच डी०, सीएफ, ११, ई०. जुन्या वर्डच्या फाइलीही अशाच सुरू होतात. म्हणजे ही एक पेटी आहे, आणि मजकूर तिच्या एका कप्प्यात आहे. त्या कप्प्यात पुन्हा पुन्हा ०४ येत होता आणि त्याच्यामागे दुसरा एक आकडा. चाचांनी छापून आणलेलं एक पान घरात होतं, ते शेजारी ठेवून जुळवत गेलो. ८१ म्हणजे अलिफ. ८२ बे, ८३ पे, ८४ ते, ८५ टे, ८६ से. अरे, हा तर मकतबमध्ये पाठ केलेला कायदा! पुढची बरीच अक्षरं मग आपोआप सापडली.

नस्तालीकची वळणं पडद्यावर तयार होतात, फाइलीत मात्र साधी अक्षरं एकापाठोपाठ असतात. म्हणून तर अर्ध्या फाइलीतूनही वाक्यं निघतात. स्कॅन करून ओळखायला लावलं, तर नस्तालीकमध्ये यंत्र फार चुकतं.

माझं म्हणणं आपल्या संस्थांना आहे. नव्या पुस्तकांची छपाईची फाइल ठेवता, तिच्यासोबत साधी युनिकोड प्रतही ठेवा. जुन्या सीड्या रद्दीत देऊ नका. आणि हे काम एकट्या संगणकवाल्या पोरावर टाकू नका. त्याच्या शेजारी उर्दू वाचणारं माणूस बसवा. मला कायदा येत नसता, तर ८१ नंतर ८२ दिसूनही काही कळलं नसतं.

एका गोष्टीत मात्र यंत्रावर विसंबायचं नाही. लेखांत जिथे आयती आहेत, तिथे आमच्या फाइलींत बहुतेक ठिकाणी मोकळी जागा निघाली, कारण ऑपरेटरने त्या चित्र म्हणून चिकटवल्या होत्या. त्या जागा मी अंदाजाने भरल्या नाहीत. आमच्या मशिदीचे इमामसाहेब मुसहफ उघडून एकेक आयत लिहून देत आहेत. अकरा लेख झाले, चार राहिलेत.