खेळानें गाळलेला रस्ता

मनुष्याची ओळख तो काय करितो ह्यावरून जितकी होते, तितकीच तो कशाची वाट पाहतो ह्यावरूनहि होते. आमच्या वर्गांतील मुलांची ओळख आम्हांस गेल्या सत्रांत अशीच नव्यानें झाली. मधल्या सुट्टींत चिंचेच्या झाडाखालीं नववीचीं सातएक मुलें मोठ्या कळकळीनें कांहीं बोलत होतीं. एक म्हणत होता, "अजून किती दिवस काढायचे?" दुसरा म्हणाला, "बाबांनीं कबूल केलें आहे, पण आमचा संगणक जुना; त्यावर तो चालायचा नाहीं." आम्हांस वाटलें, एखाद्या शिष्यवृत्तीची गोष्ट असावी. चौकशी करितां कळलें कीं, तीं मुलें मोटारींच्या रॅलीच्या एका नव्या व्हिडिओ गेमची वाट पाहत आहेत. आमच्या सहामाही परीक्षेची तारीख मात्र त्यांपैकीं एकासहि सांगतां आली नाहीं.

प्रथम आम्हांस राग आला. परंतु एखाद्या गोष्टीवर मत देण्यापूर्वीं ती समजून घ्यावी, हा धडा आम्ही मुलांस रोज देतों. तो आपणहि पाळावा म्हणून आम्हीं त्या मुलांसच गुरु केलें. त्यांनीं जें शिकविलें व पुढें आम्हीं जें वाचून पाहिलें, त्यावरून आमचें झालेलें मत ह्या अंकाच्या वाचकांपुढें ठेवितों.

रॅली ही आखलेल्या गोल मैदानावरची शर्यत नव्हे. ती डोंगरांतून, जंगलांतून, बर्फांतून आणि धुळींतून जाणाऱ्या रोजच्या वापराच्या रस्त्यांवर होते. माँटे कार्लोची प्रसिद्ध रॅली १९११ सालीं सुरू झाली, आणि जागतिक अजिंक्यपदाची मालिका १९७३ पासून चालू आहे. हा खेळ संगणकाच्या पडद्यावर लोकप्रिय झाला तो विशेषेंकरून १९९८ पासून. त्या सालीं इंग्लंडांतील कोडमास्टर्स कंपनीनें स्कॉटलंडचा जगज्जेता कॉलिन मॅक्रे ह्याच्या नांवानें एक गेम काढला. ह्याच कंपनीनें तयार केलेला जागतिक मालिकेचा अधिकृत गेम नोव्हेंबर २०२३ मध्यें बाहेर पडला. २०२५ सालीं तें काम थांबल्याचें जाहीर झालें, आणि २०२७ पासूनचा परवाना फ्रान्समधील नाकॉन कंपनीस दिल्याची वार्ताहि त्याच वर्षीं आली. आमच्या मुलांची वाट पाहणी सुरू झाली ती त्या दिवसापासून.

हा विषय इंदुरीस परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. २०२४ सालीं बेल्जियमच्या थिएरी न्यूव्हिल ह्या चालकानें ह्युंदाईच्या मोटारींतून जगज्जेतेपद मिळविलें. तीच कंपनी २०२५ पासून तळेगांवास, जेथें पूर्वीं जनरल मोटर्सचा कारखाना होता तेथें, मोटारी बांधूं लागली. फोक्सवॅगनच्या पोलो मोटारीच्या रॅलीसाठीं बांधलेल्या प्रकारानें २०१३ ते २०१६ अशीं सलग चार वर्षें अजिंक्यपद राखलें. साधी पोलो आमच्या शेजारीं चाकणास कित्येक वर्षें तयार होत होती. तळेगांव आणि चाकण ह्यांना जोडणाऱ्या रस्त्यावरच आमचें इंदुरी वसलें आहे. ज्या मुलांचे वडील, चुलते, मामा पाळीवर जाऊन मोटारीचे भाग जोडतात, त्या मुलांनीं मोटारींच्या शर्यतीचीं स्वप्नें पाहिलीं, तर त्यांत नवल तें काय?

आणि वेगाचें वेड हें कांहीं संगणकानें आणलेलें नाहीं. इंद्रायणीच्या कांठीं ज्यांची गढी आजहि उभी आहे, त्या सरसेनापति खंडेराव दाभाड्यांच्या काळापासून मावळच्या मातीस घोड्यांच्या टापा ओळखीच्या आहेत. बैलगाडा शर्यतीची तर गोष्टच नको. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं ह्या शर्यती बंद केल्या, आणि १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांस पुन्हां परवानगी मिळाली. ह्या साडेसात वर्षांत आमच्या गांवोगांवचे प्रौढ, जबाबदार, नातवंडें असलेले गृहस्थ गोठ्यांत बैल पोसून दर तारखेस न्यायालयाच्या बातमीची वाट पाहत होते. १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें कायदा वैध ठरविला, तेव्हां भंडारा उधळला गेला. ज्या आजोबांनीं घाटासाठीं इतकी वर्षें वाट पाहिली, त्यांनीं नातवास 'एका खेळाची कसली वाट पाहतोस?' असें विचारणें शोभत नाहीं.

आमचे कांहीं व्यवसायबंधु म्हणतात कीं, असले गेम मुळांतच बंद करावेत. आम्हांस तें पटत नाहीं. रॅलीच्या खेळांत एक असा गुण आहे, जो आम्ही शिक्षक वर्षानुवर्षें मुलांच्या अंगीं बाणवूं पाहतों व जो आम्हांस साधत नाहीं. तो गुण म्हणजे ऐकणें. रॅलीच्या मोटारींत दोघे असतात. एकाच्या हातांत चाक, तर दुसऱ्याच्या हातांत वही. शर्यतीच्या आधीं दोघे तोच रस्ता दोनदां, ठरवून दिलेल्या मर्यादित वेगानें पाहून येतात आणि प्रत्येक वळण लिहून ठेवितात: डावें कीं उजवें, किती तीव्र, पुढें चढ आहे कीं उतार. बहुतेक चालक वळणास एकपासून सहापर्यंत आंकडा देतात. एक म्हणजे अगदीं हळू, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. शर्यतींत सहचालक हें टिपण वाचतो, आणि जें वळण अद्याप दिसलेलेंहि नाहीं तें चालक केवळ सोबत्याच्या शब्दावर भरंवसा ठेवून घेतो. १९६५ सालीं केनियाचे जोगिंदर सिंग ह्यांनीं आफ्रिकेंतील सफारी रॅली जिंकली, तेव्हां त्यांच्या शेजारीं वही धरून त्यांचा सख्खा भाऊ जसवंत बसला होता. जोगिंदरांनीं पुढें १९७४ व १९७६ सालींहि ती रॅली जिंकली. पडद्यावरील खेळांतहि हा आवाज असतो, आणि जो तो ऐकत नाहीं तो पहिल्याच दरींत जातो. शिवाय उत्तर आयर्लंडच्या जॉन आर्मस्ट्राँगसारखा एखादा तरुण, ज्यानें २०१८ सालीं ह्या खेळाच्या ई-स्पर्धेचें जगज्जेतेपद मिळविलें, तो खऱ्या रॅलींतहि नांव काढतो. तेव्हां हा गेम म्हणजे नुसता वेळेचा अपव्यय, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मग आमची तक्रार काय? तक्रार एवढीच कीं, हा गेम अर्धीच रॅली दाखवितो. अर्धी कसली, अर्ध्याहून अधिक तो गाळतोच.

जागतिक दर्जाच्या एका रॅलींत घड्याळ लावून वेगानें जावयाचें अंतर सुमारें तीनशें किलोमीटर असतें. त्याचे लहान-लहान टप्पे असतात. त्यांस स्टेज म्हणतात. त्या वेळीं तो रस्ता इतर रहदारीस बंद असतो व प्रेक्षक दूर ठेविलेले असतात. परंतु सबंध रॅलीचा प्रवास पुष्कळदां हजार किलोमीटरांहून अधिक भरतो. एका स्टेजच्या शेवटापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत त्याच मोटारीनें, त्याच चालकानें, सर्वसामान्य रस्त्यानें जावयाचें असतें. आणि तेथें देशाचे रहदारीचे सारे नियम त्यास लागू असतात. क्षणापूर्वीं वाऱ्याशीं स्पर्धा करणारा जगज्जेता तांबडा दिवा लागतांच दूधवाल्याच्या गाडीमागें मुकाट्यानें उभा राहतो. वेगमर्यादा ओलांडल्यास त्यास दंड होतो. त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, पुढच्या चौकीवर नेमलेल्या मिनिटास हजर व्हावें लागतें. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड. परंतु एक मिनिट लवकर पोहोंचलें तर सबंध मिनिटाचा! वेगाच्या ह्या खेळांत घाईनें पोहोंचणें हा उशिरापेक्षां सहापट मोठा गुन्हा मानिला आहे, हें आमच्या मुलांपैकीं एकासहि ठाऊक नव्हतें. तें त्यांस ठाऊक असणार कसें? आमच्या पाहण्यांत आलेल्या गेममध्यें तो रस्ताच नाहीं. एक स्टेज संपली कीं पडदा क्षणभर काळा होतो आणि दुसरी सुरू होते. मधला रस्ता, मधला तांबडा दिवा, मधली माणसें, सर्व नाहींशीं झालेलीं असतात. आपटलें तर एक कळ दाबावी. मोटार पुन्हां नवी.

हा गाळलेला रस्ता कोठें आहे? तो आमच्या दाराशीं आहे. तळेगांव-चाकणचा हा राष्ट्रीय महामार्ग. त्यावर कारखान्यांचे कंटेनर आहेत, उसाचे ट्रॅक्टर आहेत, पाळीच्या बसगाड्या आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या आहेत. गेल्या पावसाळ्यांत आमचा एक विद्यार्थी हात गळ्यांत बांधून शाळेंत आला. वडिलांनीं त्यास तिन्हीसांजेस मोटारसायकलवरून पेंडीचें पोतें आणावयास पाठविलें होतें. ओल्या खडीवर चाक घसरलें. मागच्या ट्रकवाल्यानें वेळीं ब्रेक लावला नसता, तर आज आम्हांस निराळाच लेख लिहावा लागला असता. आम्हीं रागें भरलों तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, गेममध्यें असलीं वळणें मी रोज काढतों."

आम्हीं लगेच खेळास दोष दिला. दोष देणें सोपें असतें. परंतु त्याच दिवशीं शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरच्या लिंबाखालीं उभ्या असलेल्या मोटारसायकली आम्हीं मोजल्या. अकरा होत्या, त्यांतील एकाहि चालकास अठरावें वर्ष लागलेलें नव्हतें. ह्या गाड्या कांहीं त्या दिवशीं नव्यानें आल्या नव्हत्या. वर्षानुवर्षें आम्ही त्यांच्या बाजूनें जातों, मुलें 'नमस्ते सर' म्हणतात, आणि आम्हीहि हंसून पुढें जातों. किल्ली वडिलांनीं दिली, पेट्रोल आईनें दिलेल्या पैशाचें, आणि मुकी संमति आमची. खेळानें रस्ता गाळला हें खरें. पण आम्ही वडीलधाऱ्यांनींहि तो गाळलाच कीं!

कायदा ह्या बाबतींत मोघम नाहीं. अठरा वर्षें पुरीं झाल्याशिवाय मोटारसायकल सार्वजनिक रस्त्यावर चालवितां येत नाहीं. पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती काय ती सोळाव्या वर्षाची सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें अज्ञान मुलाच्या अपराधाबद्दल पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. तरीहि १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्यास कल्याणीनगरांत दोन तरुण अभियंते एका भरधांव मोटारीच्या धडकेनें प्राणास मुकले. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्या प्रकरणाचा निवाडा हा न्यायालयाचा प्रांत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु बाल न्याय मंडळानें प्रथम जामीन देतांना घातलेल्या अटींत अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. तीवर सारा महाराष्ट्र संतापला, आणि पुढें तो आदेश बदललाहि. आम्ही मात्र त्या दिवशीं संतापापेक्षां अधिक ओशाळलों. कारण निबंध घालणें हा आमचा धंदा आहे. 'रस्त्यावरील सुरक्षितता' ह्या विषयावर किती निबंध आम्हीं लिहवून घेतले, तांबड्या शाईनें ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, गुण दिले, आणि त्याच वहीचा धनी फाटकाबाहेर गाडीस लाथ मारून निघून गेला! शब्द पुरे झाले म्हणजे धडा पुरा झाला, अशी समजूत आमचीहि होती.

म्हणून ह्या वेळीं आम्हीं निबंध घातला नाहीं. एका शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर त्याच सात मुलांस घेऊन आम्ही इंदुरीचा रस्ता कडेकडेनें पायीं चाललों. रॅलीच्या रीतीनेंच, दोनदां: एकदां जातांना, एकदां येतांना. प्रत्येकाच्या हातीं वही होती. त्यांनीं आपल्या भाषेंत टिपणें केलीं: 'उजवें तीन, कडेला खडी.' 'सरळ, पण डावीकडून शेतांतला रस्ता येतो, दिसत नाहीं.' 'बसथांबा, बायका उभ्या.' 'येथें लहान मुलें रस्ता ओलांडतात, एक.' ज्याचा हात मोडला होता त्यानें आपल्या घसरण्याच्या जागीं बराच वेळ उभें राहून कांहीं लिहिलें. आम्हीं तें वाचावयास मागितलें नाहीं. घरीं येऊन वह्या ताडून पाहिल्या, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. त्या सबंध रस्त्यास, जाण्यायेण्याच्या दोन्ही वेळां, सातांपैकीं एकाहि मुलानें 'सहा' हा आंकडा दिला नव्हता.

पालकांस आमची विनंति आहे कीं, नवा गेम येईल तेव्हां ऐपत असल्यास तो मुलास खुशाल घेऊन द्यावा. आणि मोटारसायकलची किल्ली मात्र खुंटीवरून काढून आपल्या खिशांत ठेवावी. वेगास घाट असतो. बैलगाड्यास आहे, रॅलीस आहे, पडद्यावरील खेळासहि आहे. तळेगांव-चाकणचा रस्ता कोणाचाच घाट नव्हे. आमच्या वाट्याचें काम आम्हीं ह्या सत्रापासून आरंभिलें आहे. शाळा सुटतांना आम्ही फाटकापाशीं उभे राहतों. लिंबाखालच्या अकरा गाड्यांच्या आतां चार झाल्या आहेत. त्या चार मुलांचीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. सुट्टी लागण्यापूर्वीं तेथें जाऊन यावयाचें आहे.