पेठेला आपली टोळी हवी

कोणी मोठा पाहुणा येणार असला की शाळेतली स्काऊट-गाईडची मुलं दोन रांगांत उभी केली जातात. गळ्यात स्कार्फ, डोक्यावर टोपी, तीन बोटांची सलामी. पाहुणे उशिरा येतात, मुलं उन्हात ताटकळतात, फोटो निघतो आणि उपक्रम पार पडला असं वहीत लिहिलं जातं. रायपूरच्या जुन्या पेठांवर हे सदर लिहिताना सदर बाजारातल्या आईबापांशी मुलांबद्दल सारखं बोलणं होतं. स्काऊटचं नाव काढलं की बहुतेकांच्या तोंडून दोनच गोष्टी येतात: स्वागताची रांग आणि बोर्डाच्या परीक्षेतले वाढीव गुण. मला याचं मनापासून वाईट वाटतं. वाढत्या मुलांसाठी याहून चांगली व्यवस्था आपल्याकडे फारशी नाही, आणि तिचा गाभाच आपण काढून टाकला आहे.

हा गाभा म्हणजे टोळी. सहा ते आठ मुलं, त्यांतलाच एक टोळीनायक, त्याच्या मदतीला एक उपनायक. अशा तीन-चार टोळ्यांचं पथक. नायकाचं वय तेरा-चौदा. तंबू कुठे ठोकायचा, पाणी कोण आणणार, भात कोण टाकणार, भांडी कोण घासणार, हे तो ठरवतो. सगळ्या टोळीनायकांची बैठक भरते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पथकाचे पैसे, शिस्त, पुढचं शिबिर, सगळं तिथे बोललं जातं आणि स्काऊटमास्तर सल्ल्यापुरते असतात. एरवी या वयाच्या मुलाला विचारून घरात काही ठरत नाही, शाळेत नाही आणि शिकवणीत तर नाहीच.

एका शिबिरात पाहिलेली गोष्ट सांगतो. रात्री पाऊस पडून गेला होता, लाकडं ओली होती. टोळीतला सगळ्यांत लहान मुलगा आदल्या दिवसापासून घरच्या आठवणीने रडवेला झालेला. टोळीनायक नववीतला. त्याने त्याची समजूत वगैरे काढली नाही, सरळ चूल त्याच्या हवाली केली. "ये बुझी तो सब भूखे," एवढंच म्हणाला आणि पाणी आणायला निघून गेला. तो चिमुरडा तासभर फुंकणी घेऊन बसला. डोळे धुराने लाल झाले, पण चूल विझू दिली नाही. भात वरून कच्चा आणि खालून करपलेला झाला, तरी तो सगळ्यांनी संपवला. स्काऊटमास्तर वीस पावलांवर बसून होते, एकदाही उठले नाहीत. ओली लाकडं पेटवायची युक्ती त्यांना नक्की ठाऊक होती. तरी बसून राहायचं, हे शिकायला मोठ्या माणसाला पुष्कळ वेळ लागतो, आणि चांगला स्काऊटमास्तर त्यावरूनच ओळखावा.

स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा त्यांच्याबरोबर वीसेक मुलं होती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही कामगार वस्तीतली. ती मुद्दाम मिसळून चार टोळ्या केल्या होत्या. त्या काळच्या इंग्लंडात ही मुलं एरवी एका पंगतीला बसली नसती. त्यांचं स्काऊटिंगचं पुस्तक आलं ते पुढच्या वर्षी; आधी हा मिसळण्याचा प्रयोग झाला. मला या चळवळीतलं सगळ्यांत मोलाचं तेच वाटतं.

आपल्या देशात मात्र सुरुवात उलटी झाली. 1909 साली बंगळूरला पहिलं पथक निघालं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं. मुलींच्या गाईडची पहिली कंपनी 1911 मध्ये जबलपूरला निघाली, म्हणजे आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रांतात. त्याच सुमाराला रायपुरात पत्रकार माधवराव सप्रे मुलींसाठी पाठशाळा काढत होते. बंद दारावर धडका मारणारे लोकही लगेच पुढे आले. मद्रासेकडे ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. कुंझरू हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, पुढे त्याचे अध्यक्षही झाले. गोखल्यांनी पुण्यात 1905 साली लावलेल्या रोपाची ही एक फांदी. कुंभ-माघमेळ्यांच्या गर्दीत यात्रेकरूंना सांभाळणं हे सेवा समितीचं काम होतं. नागपूरच्या हायकोर्टातले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनीही या चळवळीला आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट आणि गाईड ही एक संस्था झाली. पुढच्या वर्षी गाईडही तीत आल्या, आणि 1956 पासून पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे.

रायपूरच्या मुलांनी तर गणवेशाचीही वाट पाहिली नव्हती. 1930च्या सत्याग्रहात इथे वानरसेना होती. शाळकरी पोरं निरोप पोचवत, पत्रकं वाटत, घोषणा देत. त्या काळी बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर मोठी माणसं असं काम सोपवत होती. आज त्याच वयाच्या मुलाला आपण कोतवालीचा चौक एकट्याने ओलांडू देत नाही.

सदर बाजारात अशी टोळी का हवी, त्याचं कारण या पेठेच्या घडणीत आहे. खाली सराफाचं दुकान, वर राहती घरं, मागे गल्लीत कारागीर. मालकाचा मुलगा सकाळी पिवळ्या बसने शहराबाहेरच्या इंग्रजी शाळेत जातो. कारागिराचा मुलगा पायी जवळच्या शाळेत जातो, संध्याकाळी बापाला हातभार लावतो. दोघांची घरं शंभर पावलांच्या आत. दोघं एकमेकांना रोज पाहतात आणि एकमेकांचं नाव ठाऊक नसतं. शाळेचं स्काऊट पथक यावर काही करू शकत नाही, कारण शाळांनी मुलं आधीच वेगळी केलेली आहेत. संस्थेच्या नियमांत शाळेबाहेरच्या, मोहल्ल्याच्या खुल्या पथकाची सोय आहे. त्या पथकात कारागिराचा मुलगा टोळीनायक होऊ शकतो आणि शेठजींच्या मुलाला त्याच्या सांगण्यावरून पाणी भरावं लागतं. हे शिबिरात एकदा घडलं की पेठेतही सहज घडू लागतं.

आणि 'खरी कमाई'. स्काऊटमधला मला सगळ्यांत आवडणारा उपक्रम हाच. विलायतेत 1949 साली सुरू झालेल्या 'बॉब-अ-जॉब'सारखाच. मुलांनी गणवेशात दारोदार जायचं, पडेल ते छोटं काम करायचं, मिळेल तो मोबदला घ्यायचा, वहीत लिहायचा आणि पथकाच्या निधीत टाकायचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत याचं आता खाऊगल्लीत रूपांतर झालं आहे: आया रात्र जागून भेळ-वडे करतात, मुलं टेबलामागे उभी राहतात, विकत घेणारेही पालकच. त्यात कमाई असते, पण ती खरी नव्हे. मुलाने अनोळखी माणसाला 'काही काम आहे का' असं विचारलंच नाही, आणि 'नाही' हे उत्तर पचवलंही नाही.

सदर बाजार आणि त्याला लागून असलेला गोलबाजार यांच्याइतकी या कामाला योग्य जागा दुसरी नाही. सोन्याच्या काट्याजवळ परक्या पोराला कोणी बसवणार नाही, आणि बसवूही नये. पण काचेची कपाटं पुसायची असतात, गादीच्या खोळी बदलायच्या असतात, प्याऊची मडकी घासून भरायची असतात, पूजासामानाच्या दुकानात पुड्या बांधायच्या असतात. दोन तासांत मुलाला कळतं की पुडी हातात सुटते कशी, दहा वेळा बांधल्यावर बसते कशी, आणि दुकानदार पैसे देताना घासाघीस का करतो.

हे बोलून दाखवलं तेव्हा एका सराफांनी मला विचारलं, "भैया, हमारा लड़का दूसरे की दुकान में झाड़ू लगाएगा?" मी म्हटलं, "हो शेठजी, लावेल. आणि कारागिराच्या मुलाबरोबर लावेल." ते गप्प झाले, पटलं म्हणून झाले असं मी म्हणत नाही. दुसरी शंका जास्त रास्त आहे: ही बालमजुरी नव्हे का? जो मुलगा आधीच रोज संध्याकाळी राबतो त्याला आणखी राबवायचं का? म्हणूनच मर्यादा काटेकोर हव्यात. वर्षातले ठरलेले दिवस, दिवसाला दोन तास, आईवडिलांची लेखी परवानगी, टोळी बरोबर आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. पैसा कोणाच्या घरी जात नाही, पथकाच्या शिबिरावर खर्च होतो, आणि तो कसा खर्चायचा ते मुलंच ठरवतात. ज्या मुलाच्या घरून शिबिराची फी निघत नाही, तोही त्यामुळे कोणाचे उपकार न घेता शिबिराला जातो.

मुलींबद्दल मी जास्त आग्रही आहे. या पेठेत चौदा वर्षांच्या मुलीला मैत्रिणींसोबत दोन रात्री घराबाहेर राहायला मिळणं जवळपास अशक्य आहे. लग्नकार्याशिवाय तिचा मुक्काम बाहेर होत नाही. गाईड कॅप्टन ही ओळखीतली, प्रशिक्षण घेतलेली बाई असेल तर आईबाप तयार होतात, हे मी पाहिलं आहे. स्वतः ठोकलेल्या तंबूत झोपलेली, रात्री पहाऱ्याची पाळी केलेली मुलगी घरी आल्यावर वेगळ्या आवाजात बोलते.

अशा टोळ्यांना पेठेत काम कमी नाही. गणपतीच्या झाँक्यांच्या रात्री मिरवणूक मालवीय रोडवरून कोतवाली, सदर बाजार, सत्तीबाजार, पुरानी बस्ती करत महादेवघाटाकडे जाते आणि पहाटेपर्यंत या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. पोलिसांनी गर्दी आवरावी. पण हात सुटलेलं पोर, घेरी आलेली म्हातारी, काचेने कापलेला पाय, पाणी मागणारी माणसं, यांच्याकडे बघायला नेहमीच हात अपुरे पडतात. गळ्यातल्या स्कार्फची झोळी करून हात गळ्यात बांधायचा आणि रीफ गाठ मारायची, हे स्काऊटला शिकवतात. ती गाठ चपटी बसते, टोचत नाही आणि सोडताना ओढाताण होत नाही. शाळेच्या परीक्षेत ती दोरीच्या तुकड्यावर बांधून दाखवली की गुण मिळतात. तिचा उपयोग मात्र रात्री दोन वाजता, ढोलताशांच्या गोंगाटात, रडणाऱ्या अनोळखी मुलाच्या हातावर आहे. ज्याला प्रथम सोपानपासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतच्या पायऱ्या चढायच्या आहेत त्याने जरूर चढाव्यात, गुणही घ्यावेत. पण मुलांना स्वागताच्या रांगेत उभं करणं शाळांनी बंद करावं, कोणी कितीही मोठा येवो.

खुल्या पथकाला लागतं तरी काय? आठवड्यातली एक संध्याकाळ, एक अंगण किंवा गच्ची, वीस-पंचवीस मुलं, जिल्हा संघाकडे नोंदणी. पैसा ही अडचण नाही. ही सोन्याची पेठ आहे. अडचण माणसांची आहे. स्काऊटमास्तर आणि गाईड कॅप्टन यांना सात दिवसांचं निवासी बेसिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि सात दिवस दुकान किंवा नोकरी सोडून जाणारं माणूस मिळत नाही. शाळेतल्या शिक्षकाला निदान आदेशाने पाठवता येतं. पेठेत स्वतःहून जावं लागेल. मराठी माणसांची जुनी वस्ती असलेला तात्यापारा इथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, महाराष्ट्र मंडळ 1935 पासून शहरात काम करतं आहे, आपली शाळाही चालवतं. नाटकांच्या तालमींना रात्र रात्र देणारी तरुण मुलंमुली आपल्याकडे आहेत. त्यांच्यातला एक मुलगा आणि एक मुलगी, आणि सराफ घराण्यांतले तसेच दोघं, असे चार जण या उन्हाळ्यात प्रशिक्षणाला गेले, तर जूनमध्ये शाळा उघडताना मुलांच्या पथकाची आणि मुलींच्या कंपनीची नावनोंदणी एकाच दिवशी सुरू करता येईल. कारागिरांच्या गल्लीत आधी जावं. पहिली नावं तिथली लिहावीत.