दापोली पाहावी कशी?

दापोलीस ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हे बिरुद तिला कोणी बहाल केले कोण जाणे. परंतु त्यामुळे तिचे हित होण्याऐवजी गैरसमजच अधिक वाढले. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंच, तर दापोली जेमतेम ८०० फुटांवर. महाबळेश्वरची थंडी शोधीत मे महिन्यात येथे येणारा प्रवासी घामाघूम होतो आणि मग समुद्राकडे धाव घेतो. दोन दिवस वाळूत घालवून, वाटेतले गाव न पाहताच तो परततो. दापोली पाहिल्याचे समाधान मात्र त्याला मिळालेले असते!

वस्तुतः दापोली पाहण्याचा आरंभ गावातूनच व्हावयास हवा. ब्रिटिशांची लष्करी छावणी येथे पडली म्हणून हे ‘कॅम्प दापोली’. छावणी उठली, पण निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. लष्करातून निवृत्त झाल्यावर रामजी सकपाळ यांनी काही काळ येथेच बिऱ्हाड केले होते, आणि रमाबाई आंबेडकर यांचे माहेर वणंद हे दापोलीला लागूनच आहे. येथील मिशन शाळेत पालगडचे साने गुरुजी शिकले, भारतरत्न पां. वा. काणे यांचे शालेय शिक्षणही दापोलीचेच. एका लहानशा तालुक्याच्या गावाने एवढे देणे द्यावे, ही गोष्ट किनाऱ्यावरील कोणत्याही सूर्यास्ताहून कमी प्रेक्षणीय नाही.

शाळांच्या सहलींविषयी येथे स्पष्टच लिहिले पाहिजे. ‘शैक्षणिक’ या विशेषणाखाली मुलांना बसगाडीत कोंबून तीन देवळे, एक किल्ला व एक किनारा एका दिवसात उरकला जातो. त्याऐवजी शिक्षकांनी मुलांना मुरुडास न्यावे आणि समुद्रात सोडण्यापूर्वी एवढेच सांगावे की, या गावचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा परीक्षेसाठी पावसाळ्यात साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ दापोलीतच आहे. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात सिद्ध झाला. कलम कसे बांधतात हे ज्या मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला वनस्पतिशास्त्राचा तो धडा पुन्हा पाठ करावा लागत नाही.

हर्णै बंदरातील मासळीचा लिलाव हा तर अर्थशास्त्राचा जिवंत तासच. होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात, बैलगाड्या चाके बुडेपर्यंत पाण्यात शिरून मासळी आणतात आणि वाळूवर ढीग मांडून बोली सुरू होते. बघ्यांनी मात्र कडेला उभे राहावे. ज्यांची दिवसभराची कमाई त्या ढिगावर ठरते, त्यांच्या वाटेत कॅमेरे घेऊन शिरू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा या लिलावाच्या आशेने जाण्यात अर्थ नाही. समोरचा सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून. त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ या विजयाचे स्मारक म्हणून मनोरा उभारला, तो अद्याप उभा आहे. आपल्या आरमाराच्या भाऊबंदकीचे स्मारक आपण कोठे उभारले नाही, ते बरेच झाले म्हणावयाचे.

पन्हाळेकाजीची २९ लेणी, आसूदच्या पोफळीच्या बागांतून वर चढणारी केशवराजाची वाट आणि तेथील गोमुखाचे पाणी, ही ठिकाणे पायांनीच पाहावयाची आहेत. ‘गारंबीचा बापू’ वाचून गेलेल्यास ही वाट अनोळखी वाटणार नाही.

आता किनाऱ्याविषयी. कर्दे, मुरुड, लाडघर, आंजर्ले येथील वाळू कठीण दिसते, म्हणून तीवर मोटारी धाववण्याचे वेड अलीकडे बोकाळले आहे. गाडी रुतते, भरती येते आणि मग गावकऱ्यांना दोर घेऊन धावावे लागते. कोळ्याला भरतीची वेळ विचारावी लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की ती स्थूलमानाने निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. कारकुनाला तरी हा हिशेब जड जाऊ नये! परंतु गाडी रुतण्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे याच वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरापर्यंत अंडी असतात आणि पिले निघावयास दीड-दोन महिने लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. वेळास, आंजर्ले येथील ग्रामस्थ रात्री-अपरात्री फिरून घरटी राखतात, आणि त्याच वाळूवरून शहरी हौस चाके फिरवते. चाकोरीत पडलेले इवलेसे पिलू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. किनाऱ्याच्या तोंडाशी दगड रोवून वाट बंद करणे ग्रामपंचायतींना अवघड नाही. पर्यटक रागावतील ही भीती मात्र त्यांनी सोडली पाहिजे.

ही भीती अकारण नव्हे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने या तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा फळावर यावयास वर्षे लागतात, तोवर अनेक घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या उघडल्या. म्हणून उतरावयाचे तर अशाच एखाद्या घरी उतरावे, आदल्या दिवशी सांगून जेवावे, आणि तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भूमीत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, हे ध्यानात ठेवून पाणी वापरावे. रेल्वेने खेडपर्यंत यावे आणि पुढे एस.टी. धरावी. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर शेजारी बसलेल्या म्हातारीस आंजर्ल्याची खाडी होडीने कशी ओलांडीत असत ते विचारावे, उतरावयाचे ठिकाण येईतो ती सांगत राहील.