झोपलेल्याला विचारले कोणी?

रात्रीच्या मुंबईची छायाचित्रे काढण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. खिशातल्या मोबाइललाही आता रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पुरतो. तक्रार यंत्राविषयी नाही. परंतु या मंडळींचा कॅमेरा हटकून पदपथावर निजलेल्या माणसापाशीच का थबकतो? तो हमाल असतो, बिगारी असतो. चित्राखाली मात्र ‘महानगरातील एकाकीपण’ असले काही छापले जाते. एकाकीपण कसले? एकेका हातगाडीवर तिघे दाटीवाटीने झोपलेले असतात!

ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्कचा बातमीदार जेकब रीस १८८७-८८ च्या सुमारास मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून रात्री-अपरात्री गरिबांच्या खोल्यांत शिरे. बेयर्ड स्ट्रीटवरील एका कोंदट खोलीत जागेपुरते पाच सेंट मोजून पडलेले, डोळे किलकिले केलेले मजूर त्याने टिपले. या भडक्याने घराला आग लागल्याचेही त्यानेच लिहून ठेवले आहे. स्थलांतरितांच्या जमातींविषयी त्याची लेखणी तुच्छतेने भरलेली होती. तरीही न्याय करावयाचा तर हे सांगितले पाहिजे की, १८९० च्या आपल्या पुस्तकात त्याने घरमालकाला आणि भाड्याला हात घातला. न्यूयॉर्कचा १९०१ चा भाड्याच्या घरांविषयीचा कायदा ज्या सुधारणा-चळवळीतून आला, तिला त्याच्या चित्रांनी बळ दिले. आमच्या कलावंतांनी त्याचा भडका तेवढा उचलला, भाड्याचा प्रश्न सोडून दिला.

वस्तुतः तो प्रश्न मुंबईच्याच पदपथवासीयांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. काम जेथे मिळते तेथेच झोपावे लागते, हे त्यांचे म्हणणे. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, आणि त्यांना हटविण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला! हा इतिहास कोणत्या चित्रात दिसतो? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची चित्रे काढली, त्यांत निदान काम दिसते. घाणीत उतरलेला माणूस कोणासाठी उतरला, हे पाहणाऱ्याला टाळता येत नाही.

आणि साथींनो, आपले हात तरी कोठे स्वच्छ आहेत? घरहक्काच्या मोर्चाचे भित्तिपत्रक काढताना झोपलेल्या बाईचे चित्र आपणही बिनदिक्कत छापतो. सकाळी भिंतीवर स्वतःला पाहून तिला काय वाटले असेल, हा विषय आपल्या किती बैठकांत निघाला? पुढच्या पत्रकासाठी जो कोणी कॅमेरा घेऊन जाईल, त्याने रात्री नऊ-दहाला, माणसे जागी असताना जावे. शेजारी बसावे, नाव आणि धंदा विचारावा. ‘नको’ म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवून परत यावे.