नाल्याकडे पाठ करून बसलेलं संशोधन

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी मी सांडपाणी तयार करायचे. हो, तयारच करायचे. डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं, त्यात वजन करून ग्लुकोज टाकायचं, चिमूटभर युरिया, थोडं फॉस्फेट, ढवळायचं, की झालं ‘सिंथेटिक वेस्टवॉटर’. शेजारच्या टेबलावरचा मित्र पाण्यात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग मिसळायचा आणि केळीच्या सालीपासून बनवलेल्या कोळशाने तो काढून टाकायचा. रंग ९० टक्क्यांच्या वर गेला की आम्ही चहा प्यायला जायचो.

चहाची टपरी नाल्याच्या काठावर होती. काळाभोर, फेसाळ, चोवीस तास वाहणारा नाला, लॅबच्या खिडकीखालूनच जायचा. त्याच्या वासामुळे ती खिडकी कायम बंद असायची.

एकदा मी गाईडना विचारलं, “सर, खालचंच पाणी आणू का?” ते म्हणाले, “अगं, रोज वेगळं रीडिंग येईल. ग्राफ बसणार नाही, पेपर अडकेल.”

त्यांचं खोटं नव्हतं. ग्राफ खरंच बसला नसता, आणि माझी तक्रार नेमकी त्याबद्दल आहे.

सांडपाणी शुद्धीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘नवं तंत्रज्ञान हवं.’ नॅनो-काहीतरी, ग्राफीन-काहीतरी, आता एआय-काहीतरी. जणू शुद्धीकरण कसं करायचं हे अजून कुणाला सापडलेलंच नाही.

सापडून शंभराहून जास्त वर्षं झाली. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी ‘अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज’ पद्धत मांडली. मैलापाण्यात हवा सोडायची, त्यावर जिवाणू पोसले जातात आणि घाण खातात. मग पाणी स्थिर ठेवायचं, जिवाणूंचा गाळ तळाशी बसतो, वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं आणि गाळाचा काही भाग पुन्हा कामाला लावायचा. त्या दोघांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला आले. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे पोचायला दोन वर्षंसुद्धा धड लागली नाहीत.

पुनर्वापराचंही तसंच. नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून मैलापाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते आहे. तिथे वाळवंट आहे, दुसरा इलाजच नव्हता. सिंगापूर २००३ पासून ‘न्यूवॉटर’ बनवतं. आपल्या नागपुरात भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांना जातं. तेवढं धरणाचं पाणी वाचतं आणि महापालिकेला पैसे मिळतात. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात तर स्पष्ट लिहिलंय की सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं पाणीच वापरावं.

मग अडलंय कुठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालातले आकडे बघा. देशातल्या शहरांमध्ये रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. ते शुद्ध करायची बांधलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६.

पहिल्या दोन आकड्यांमधली दरी पैशाची आहे, सगळे तिच्याबद्दल बोलतात. मला दुसऱ्या आणि तिसऱ्यातली दरी जास्त छळते. प्रकल्प बांधून झाला, फीत कापली, फोटो छापून आला, तरी एक तृतीयांशाहून जास्त क्षमता नुसती उभी आहे. नळ जोडलेले नाहीत, पंप बंद आहे, वीजबिल परवडत नाही, माणूस नाही. यातल्या कुठल्या आजारावर केळीच्या सालीचा कोळसा चालतो?

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या सोसायटीच्या तळघरात उतरा. मोठ्या गृहप्रकल्पात राहत असाल तर तिथे एसटीपी असणार, पर्यावरण मंजुरीची ती अट असते. आमच्याही सोसायटीत आहे. एप्रिलमध्ये दारात टँकरची रांग लागली तेव्हा मी खाली गेले. ब्लोअर बंद. या प्रकल्पांत साधारण निम्म्याहून अधिक वीज हवा सोडण्यावर खर्च होते, म्हणून कमिटीने बिल कमी करायला रात्री तो बंद ठेवायचा ठराव केला होता. हवा नाही म्हणून जिवाणू मेले, जिवाणू मेले म्हणून पाण्याला वास, वास आला म्हणून फ्लशला टँकरचं पाणी. वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट पैसे टँकरवाल्याला.

हे सगळं मला समजावलं तिथल्या ऑपरेटरने. बारा तासांची ड्यूटी, एकटा. तो एक लिटरच्या नळकांड्यात गाळ घेऊन अर्धा तास ठेवतो आणि किती खाली बसला ते बघतो. गाळाच्या रंगावरून सांगतो, “ताई, वरून कुणीतरी भरपूर अ‍ॅसिड ओतलंय.” माझ्या थिसिसच्या शंभर पानांत जे नव्हतं ते या माणसाकडे होतं. त्याला आजवर एकाही संशोधकाने काही विचारलेलं नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याला खुर्चीही मिळत नाही.

आता खरं दुखणं बोलू. आपण मैल्यावर संशोधन करतो ते मैल्याला हात न लावता. प्रयोगशाळेत ग्लुकोजचं पाणी आणि गटारात माणूस, ही वाटणी वैज्ञानिक कारणाने झालेली नाही. ती आपल्या घरातूनच आली आहे. पाण्याजवळ कुणी जायचं, मैल्यात कुणी उतरायचं हे जातीने ठरवलेल्या समाजात, ‘सॅम्पल आणायला शिपायाला पाठव’ हे वाक्य कुणालाच खटकत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. तरीही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारात मरणाऱ्यांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. कायदा होऊन तीस वर्षांनी आपण मृत्यूची रक्कम वाढवत होतो. गटारातला विषारी वायू आधीच ओळखणारं, छोट्या नगरपालिकेला परवडेल असं साधन आमच्या बॅचमध्ये एकाच्याही थिसिसचा विषय नव्हता. रंग काढणारे पाच होते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: मूलभूत संशोधन नको का? औषधांचे अवशेष, मायक्रोप्लास्टिक, या नव्या प्रश्नांवर १९१४ ची पद्धत पुरणार आहे का? नाही पुरणार. संशोधन हवंच. पण ते कसं दिसतं याचं उदाहरण हैदराबादजवळच्या पाटनचेरूचं आहे. २००७ मध्ये स्वीडनचे योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रकल्पाच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त! प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची चर्चा त्यानंतर जगभर बदलली. ते प्रत्यक्ष पाइपच्या तोंडाशी गेले होते. आपल्या हद्दीतला पाइप, आणि त्याची दखल जगाला घ्यायला लावणारं नाव स्वीडनचं.

दुसरा आक्षेप: लोक असलं पाणी स्वीकारणार नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराने २००६ मध्ये, ऐन दुष्काळात, मतदान घेऊन पुनर्वापराचं पाणी नाकारलं, सुमारे ६२ टक्के लोक विरोधात गेले. किळस खरी असते, हे मान्य. पण आपल्याकडे हे स्वीकारायला कुणाला विचारलं जातं? पुण्याचं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतांकडे जातं. खडकवासल्याचं पाणी शहराने प्यायचं आणि बदल्यात प्रक्रिया केलेलं पाणी शेतकऱ्याला द्यायचं, असा तो व्यवहार. प्रक्रिया अर्धवट झाली तर त्या पाण्याने शेतकऱ्याचे पाय खाजतात आणि त्यावर पिकलेली भाजी पुन्हा पुण्याच्याच मंडईत येते. पुनर्वापर आपण केव्हाच सुरू केलाय, फक्त शुद्ध करायची पायरी वगळून. त्या शेतांत जाऊन माती, भाजी, विहिरी आणि माणसं वर्षानुवर्षं तपासत राहणं हा संशोधनाचा विषय आहे. ग्राफ वेडावाकडा येईल, येऊ दे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सांडपाण्यावरच्या पीएच.डी.ला खऱ्या सांडपाण्याची सक्ती करा, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्याही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाचं वीजमीटर आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं रीडिंग रोज लोकांना दिसेल असं ठेवा. बंद पडलेल्या प्रकल्पांचं शवविच्छेदन करणाऱ्या निबंधाला नव्या पदार्थाच्या निबंधाइतकेच गुण द्या. आणि ज्या ऑपरेटरच्या माहितीवर पेपर उभा आहे, त्याचं नाव लेखकांत घाला.

हे विद्यापीठं उद्या करणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुमच्या इमारतीचा ब्लोअर चालू आहे की बंद, हे आज रात्रीच कळू शकतं. लिफ्टने तळघरात जा. तिथे जो माणूस बसलेला असेल त्याला आधी नाव विचारा, मग बाकीचं.